बाजरीचं वजन

२ एप्रिल, बुधवार

आजपासून लिहायचं ठरवलं. डॉक्टर अपर्णांनी फोनवर सांगितलं, रोज सकाळी वजन घ्या आणि लिहून ठेवा, उन्हात तिला इथे आणू नका, चिंचिलाला उष्मा सोसत नाही. त्यांना काय माहीत, लिहून ठेवणं या एका गोष्टीवर मी एकतीस वर्षं पगार घेतला आहे. पुण्यात कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहायक होते.

रिकामा डबा ११२ ग्रॅम. डब्यासकट ५४६. बाजरी ४३४.

बाजरी म्हणजे माझ्या सुनेची, तन्वीची चिंचिला. उंदराहून मोठी, सशाहून लहान, खारीसारखी शेपूट आणि बाजरीच्या पिठासारखा करडा रंग, म्हणून हे नाव. तन्वीने कॉलेजात असताना घेतली आणि लग्नात ती रुखवतातल्या वस्तूसारखी घरात आली. वय चौदा. म्हणजे माणसाच्या हिशोबात ती माझी सासू लागेल. तिच्या दाढांची मुळं आतल्या आत वाढली आहेत. चावायला जाते, चावतेही, पण गिळताना अडतं. हनुवटी लाळेने ओली असते. या वयात भूल देऊन ऑपरेशन करता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, भरवून जगवता येईल, मात्र वजन ३८० च्या खाली गेलं तर तिचे हाल होतील, मग इंजेक्शन देऊन सोडवायचा विचार करावा लागेल.

मी हैदराबादला निखिलकडे आले ती मार्चच्या नऊ तारखेला. तन्वीच्या ऑफिसचं मोठं काम चालू आहे, रात्री-अपरात्री मीटिंगा, बरकतपुऱ्यातून गच्चीबावलीला रोज जाणं परवडत नाही, म्हणून ती तिकडे मैत्रिणीकडे राहते. मैत्रिणीच्या घरात एसी नाही. निखिल एकटा पडला, त्याने मला बोलावून घेतलं. मुलगा एकटा पडला म्हणून आले असं सांगते, पण निम्मी बाजरीसाठीच आले. काम संपून तन्वी परत येईपर्यंत हा जीव टिकला पाहिजे.

५ एप्रिल, शनिवार

४३१.

तन्वी आली होती. बाजरीजवळ तासभर बसली. निखिलने सुट्टी असून दाढी केली होती आणि स्वतः पोहे केले होते, त्यात चक्क ओलं खोबरं. तन्वी जेवायला थांबली नाही. जाताना स्वेटर, दोन शाली आणि सर्टिफिकिटांची फाइल घेऊन गेली. एप्रिलात स्वेटर कशाला म्हटलं, तर म्हणाली, "ऑफिसमध्ये एसी फार असतो, आई." असेल. पोहे मी आणि निखिलने संध्याकाळी संपवले.

८ एप्रिल, मंगळवार

४३०. भरवण्याची रीत आता बसली. तिच्या खाण्याच्या गोळ्या मिक्सरमधून काढायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. चक्क्याचं फडकं यासाठी बळी दिलं. मग सिरिंज ओठाच्या बाजूने, समोरून कधीच नाही. एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. गळा हलला की पुढचा. घाई केली की घास श्वासनळीत जातो आणि खेळ खलास. जन्मभर ब्युरेटमधून थेंब मोजले, आता हे. बारा मिलीला पंचवीस मिनिटं लागतात, दिवसातून पाच वेळा. सकाळी लवकरची आणि रात्रीची पाळी निखिलची. हात चांगला आहे त्याचा, हे मान्य केलं पाहिजे.

१६ एप्रिल, बुधवार

४३३. राणी कामाला आली की आधी बाजरीच्या खोलीत लादी पुसते, कारण दिवसभर एसी तिथेच चालू असतो. पुसायला पाच मिनिटं पुरतात, ती वीस मिनिटं लावते. मीही तिथेच भाजी निवडते.

आज विचारते, "अम्मा, बहू कब आरै?"

म्हटलं, "काम संपल्यावर."

"कपाट खाली पडा उनका. मैं पोंछी ना." मग फडकं पिळत म्हणाली, "उनो नै आते, अम्मा."

ती यायची नाही म्हणे! तुला काय करायचं आहे, असं मी मराठीतच म्हटलं. दुसऱ्याच्या घरात लादी पुसली की लोकांना घरातलं सगळं कळतं असं वाटतं. कपड्यांना कसर लागू नये म्हणून उन्हाळ्यात कपाट रिकामं करतात, हे त्या बाईला कोणी सांगावं.

१९ एप्रिल, शनिवार

४३६. गेल्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात चांगलं रीडिंग. निखिलला सांगितलं तर खूश व्हायचं सोडून नुसतं "हं" म्हणाला. तन्वी आज आली नाही. तिने मेसेज केला म्हणे, बाजरी आता स्टेबल आहे तर पुढच्या महिन्यात येते. निखिलने तिच्यासाठी नामपल्लीहून उस्मानिया बिस्किटं आणली होती. पुडा तसाच आहे.

२३ एप्रिल, बुधवार

४३४. मधल्या वारी अचानक तन्वी आली, थेट ऑफिसातून. डोळे लाल. बाजरीला छातीशी धरून बसली. निखिल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, जरा बागेत चक्कर मारून येशील?" मला काय समजत नाही का. नवराबायको महिन्यात चार वेळा भेटतात, त्यात सासू कशाला मध्ये. मी दीड तास बाहेर बसले, डास चावले, पण आनंदाने बसले. परत आले तर ती गेली होती. निखिलचा चेहरा बऱ्याच दिवसांनी माणसांत आल्यासारखा वाटला.

२९ एप्रिल, मंगळवार

४३२. तन्वी पुन्हा आली. आता आठवड्यातून दोनदा येते. बागेत जायच्या आधी मी तिला भरवताना पाहिलं. तन्वीचा हात जड आहे. एक घास उतरायच्या आत दुसरा. बाजरी ठसकली. नाहीतरी या मुलीला थांबणं म्हणून जमत नाही, लिफ्टचं बटणसुद्धा तीनदा दाबते. मी तोंडावर काही बोलले नाही. बोलले की सासू झाले.

३ मे, शनिवार

वजन सकाळी घेतलं, ४३५. संध्याकाळी तन्वीला घ्यायचं होतं, तर काट्यात सेलच नाहीत. निखिल म्हणाला, "उतरले होते, काढून टाकले." सकाळी तर चालू होता. काट्याचे सेल शनिवारीच कसे उतरतात कोण जाणे, मागच्या शनिवारीही असंच झालं. सोमवारी कोटीच्या बाजारात जाऊन डझनभर सेल आणणार आहे.

मग मी नेहमीसारखी बागेत.

८ मे, गुरुवार

दुपारी दोन तास लाईट गेली. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवल्या आणि राणी पुठ्ठ्याने वारा घालत बसली. बाजरी बाटलीला पोट लावून झोपली. आम्ही दोघी घामाने निथळलो. सकाळचं ४२८, संध्याकाळी भरवून चौतीस झालं असेल. असेल असं लिहू नये, मोजलं नाही.

१३ मे, मंगळवार

४३३. निखिल जेवत नाही नीट. दोन पोळ्या वाढल्या की एक परत. रात्री बाजरीच्या खोलीत सतरंजी टाकून झोपतो, म्हणतो तिथे गार असतं. आज तन्वीचा दोरीवर राहिलेला दुपट्टा इस्त्री करत होता. इतका जीव लावणारे नवरे आता राहिले नाहीत. आमच्या ह्यांना माझा दुपट्टा कोणता आणि पायपुसणं कोणतं ते ओळखू आलं नसतं.

१५ मे, गुरुवार

सकाळी ४३७.

दुपारी एकला तन्वीचा मला फोन. मला सहसा करत नाही. रडत होती. "आई, तीनशे चौऱ्याहत्तर झालंय. तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी. पण आता हाल नको. डॉक्टर रविवारी अकरा वाजता घरी येतायत. इंजेक्शनला." बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

वही उघडली. एकदा पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली. मग काट्यावर तांदळाचं अर्धा किलोचं बंद पाकीट ठेवून पाहिलं, काटा बरोबर आहे. रोज सकाळी मी निखिलला आकडा सांगते आणि तो त्यांच्या ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये तो, तन्वी आणि डॉक्टर. मला घेतलेलं नाही, मीही मागितलं नाही. तो ग्रुप निखिलच्या टॅबवर दिसतो, ज्यावर मी पाककृती बघते. आज पहिल्यांदा उघडला.

एकवीस एप्रिलपासून दर दोन दिवसांनी बरोबर पाच ग्रॅम कमी. ४३४, ४२९, ४२४, ४१९. तसंच खाली खाली आज ३७४. लॅबमध्ये असं रीडिंग मी लांबून ओळखायचे. खरं रीडिंग वेडंवाकडं असतं, चढतं, उतरतं. सरळ रेषेत उतरतं ते मुलांनी कँटीनमध्ये बसून लिहिलेलं असतं. माझा मुलगा, इंजिनिअर, रोज सकाळी ऐकलेला एक आकडा टाकायचा कंटाळा करतो आणि मनाने भरतो. संतापाने मी टॅब उलटा घालून ठेवला.

संध्याकाळी आल्या आल्या विचारलं. तो बूट काढता काढता तसाच बसून राहिला.

"आई, तू यात पडू नको."

"रविवारी तिला मारणार आहेत, निखिल."

"मी सांगतो तन्वीला. मला सांगू दे."

"आत्ता सांग."

"उद्या. प्लीज."

एवढा आळशी मुलगा मी वाढवला यावर विश्वास बसत नाही.

१६ मे, शुक्रवार

४३४. सांगितलं नाही. ऑफिसातून उशिरा आला, बाजरीला भरवलं आणि आडवा झाला.

१७ मे, शनिवार

४३६. आज तन्वी येणार नव्हती, उद्याच येणार. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, रात्री विचारलं. "उद्या ती आली की समोर सांगतो." अकरा वाजता इंजेक्शन घेऊन डॉक्टर येणार आणि हा साडेदहाला तोंड उघडणार, तेही उघडलं तर. लहानपणी प्रगतिपुस्तक सहीला आणायचं ते शाळेला निघताना, तसंच आहे हे. एक गरीब मुका प्राणी गिळता येत नसताना रोज घास घास खाऊन जगतो आहे आणि तो एका खोट्या आकड्यामुळे जाणार. हे मी होऊ देणार नाही.

१८ मे, रविवार. सकाळी पावणेसात

४३५. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून तन्वीला पाठवले. दोन एप्रिलपासून कालपर्यंत, एकही पान न गाळता. अर्धवट नोंद पाठवायची नसते. खाली लिहिलं, "निखिलने आकडे चुकीचे टाकले आहेत. हे खरे. डॉक्टरांना येऊ नका सांग."

पाठवून झाल्यावर लक्षात आलं की पानांवर वजनाशिवायही बरंच आहे. तिचा जड हातही आहे. आता इलाज नाही.

१८ मे, संध्याकाळ

क्रमाने लिहिते.

तन्वी साडेआठला आली. डॉक्टरांना तिने कळवलं होतं. आल्या आल्या तिने बाजरीला डब्यात ठेवलं, डबा काट्यावर. कोटीहून आणलेले नवे सेल होतेच. ५४७, म्हणजे ४३५. तिने मान वर केली. निखिल दारात उभा होता.

"का, निखिल?"

तो म्हणाला, "तू यायचीस."

एवढंच. मी दोघांच्या मध्ये सिरिंज धुवत उभी होते. तेवढ्या वेळात मला सगळं कळलं. पोहे, कपाट, सेल, बाग. राणीला जे लादी पुसताना कळलं ते मला कळायला सव्वादोन महिने लागले.

निखिल खाली निघून गेला. तन्वी माझ्याजवळ बसली. फेब्रुवारीत दोघांच्या सहीने कोर्टात घटस्फोटाचा अर्ज गेला आहे, ऑगस्टमध्ये निकाल लागेल. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. तिने सांगितलं ते असं : दोन वर्षं एका घरात राहून ते फक्त बाजरीबद्दल बोलत होते. "तुम्हाला तोच सांगणार होता, आई. थोडे दिवस मागितले होते त्याने. मला वाटलं सांगितलंय, आणि तुम्ही मोठ्या मनाने घेताय."

मी मोठ्या मनाने काहीच घेत नव्हते. मी डास चावून घेत होते. हे मी तिला म्हटलं आणि ती हसली, मग आम्ही दोघी रडलो. मला राग आला होता, निखिलचा, तिचा आणि सगळ्यात जास्त माझा.

मग ती म्हणाली, "तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंय ना, थांबणं जमत नाही म्हणून. ते खरं आहे. पण इथे मी खूप थांबले."

मी उठून चहा टाकला.

एक मेपासून तिने गच्चीबावलीला स्वतःचा फ्लॅट घेतला आहे भाड्याने. एसी आहे. बाजरीला नेणार होती, पण वजन रोज उतरतंय म्हटल्यावर उन्हातून हलवायची हिंमत झाली नाही. "आता चारशे पस्तीस आहे म्हणजे नेता येईल," ती म्हणाली.

म्हणजे माझ्याच वहीने बाजरी वाचली आणि माझ्याच वहीने ती या घरातून चालली. निखिलचे आकडे तसेच राहिले असते तर बाजरी आज गेली असती, त्यामुळे मी केलं ते चूक नव्हतं. हे मी तीनदा स्वतःला सांगितलं आहे. तरी जेवण गेलं नाही.

१९ मे, सोमवार

४३३. ऊन चढायच्या आत, सहाला गाडी आली. पिंजरा निखिलनेच खाली नेला, तीन मजले जिन्याने, लिफ्ट झटका देते म्हणून. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला. मलमलचं फडकं, डबा, काटा आणि सिरिंजा मी दिल्या. तन्वी त्याला म्हणाली, "थँक्स." तो म्हणाला, "एसी बाविसावर ठेव."

वर आल्यावर त्या खोलीचा एसी चालूच होता. दुपारी राणी आली, रिकामी जागा पाहिली आणि पाच मिनिटांत लादी पुसून गेली.

२० मे, मंगळवार

तन्वीचा फोन. बाजरी तिच्या हातून घेत नाही, तोंड फिरवते. "आई, याल का?" निखिलला विचारलं. तो म्हणाला, "मला काय विचारतेस, जा की." मेट्रो बदलून रायदुर्ग, तिथून ऑटो. सातव्या मजल्यावर दोन खोल्या, एका भिंतीला अजून रंगाचा वास. बाजरी ४२१. खरोखर उतरली होती.

तिला शेजारी बसवून शिकवलं. एक थेंब. थांब. गळा बघ, सिरिंज नको बघू. अजून थांब. आता.

२४ मे, शनिवार

४२९. रोज जाते. या वयात ज्या सुनेचा घटस्फोट होतो आहे तिच्या घरी डबा घेऊन रोज जाणारी सासू पुण्यात कोणी पाहिली असती तर वर्षभर विषय पुरला असता. माझी बहीण फोनवर म्हणाली, तुला काही मान-अपमान आहे का? आहे, म्हटलं, पण बाजरीला गिळता येत नाही.

३१ मे, शनिवार

४४१. मी हात लावला नाही, संपूर्ण बारा मिली तन्वीने भरवलं. अठ्ठावीस मिनिटं लागली. मला यायची आता गरज नाही हे दोघींनाही कळलं. मी सोमवारी पुण्याची गाडी बघते म्हटलं. निखिलला बरोबर चल म्हणणार आहे, येणार नाही तो.

शेवटचे दोन थेंब राहिले असताना, नजर बाजरीच्या गळ्यावरून न हलवता तन्वीने विचारलं, "निखिल जेवतो ना नीट?"

वही पिशवीतच होती. बाजरीच्या वजनाबरोबर आता मी निखिलच्या ताटात किती राहतं तेही लिहिते. सोमवारी एक पोळी. बुधवारी अर्धी आणि थोडा भात. काल चहा-बिस्किट. पट्टा आवळून नवं भोक पाडलंय. हे मी वाचून दाखवलं असतं तर ती आज संध्याकाळी डबा घेऊन बरकतपुऱ्याला आली असती. नक्की आली असती, मी ओळखते तिला. पुढच्या शनिवारीही आली असती. आणि मला ते हवं होतं.

"जेवतो," मी म्हटलं. "दोन पोळ्या, वर भात. भाजी मागून घेतो."

तिने मान हलवली आणि पुढचा थेंब सोडला. एकतीस वर्षांत मी एक आकडा कधी मनाने भरला नव्हता, हा पहिला.

रात्री घरी जेवताना निखिल बराच वेळ पोळीचा तुकडा आमटीत फिरवत बसला होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"चारशे एक्केचाळीस."

"तन्वी कशी आहे, आई?"

"बरी आहे," मी म्हटलं. हे खरं होतं. तो ताट घेऊन उठला. अर्धी पोळी राहिली होती.